पुलगावचे दारूगोळा भांडार आणि उशिरा झालेली तपासणी

वर्धा जिल्ह्यातील पुलगावजवळचे केंद्रीय दारूगोळा भांडार हा देशातील सर्वांत मोठ्या शस्त्रसाठ्यांपैकी एक. 31 मे 2016 रोजी मध्यरात्रीनंतर तिथल्या एका शेडला आग लागली आणि आतले रणगाडाविरोधी सुरुंग फुटले. दोन लष्करी अधिकाऱ्यांसह 19 जणांचा बळी गेला. त्यांत बहुतेक अग्निशमन दलाचे होते. आसपासच्या गावांतील लोकांना रात्रीच घरे सोडावी लागली. सदोष सुरुंगांतून टीएनटी हे स्फोटक पाझरत होते, हे पुढे चौकशीत समोर आले.

टीएनटी 1863 मध्ये युलियस विल्ब्रांड या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पिवळा रंग म्हणून बनवले. स्फोटक म्हणून त्याचा उपयोग बऱ्याच उशिरा ध्यानात आला आणि 1902 पासून जर्मन लष्कर ते तोफगोळ्यांत भरू लागले. सुमारे 80 अंश सेल्सिअसला वितळणारे आणि धक्क्याने सहसा न फुटणारे हे द्रव्य गोळ्यात ओतायला सोयीचे. तेवढी सोय पाहिली गेली. ते शरीरात काय करते, हे पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या कारखान्यांत कळले. तिथल्या कामगार स्त्रियांची कातडी पिवळी पडली आणि विषारी काविळीने शंभरावर कामगार दगावले. 1916 मध्ये अशा काविळीची सरकारदरबारी नोंद सक्तीची झाली, म्हणजे रोग पसरल्यावर.

सुरुंगांतून टीएनटी पाझरण्याचे मूळ त्याच्या निर्मितीतच आहे. टोल्युइनपासून टीएनटी बनताना त्याचे नको असलेले समघटक (त्याच अणूंची वेगळी मांडणी असलेले रेणू) आणि अर्धवट तयार झालेले डीएनटी मागे राहते. या भेसळीमुळे मिश्रण कमी तापमानाला मऊ होते आणि तेलकट थर बाहेर येतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात, पारा 45 अंशांवर जात असताना, असा माल साठवणे अधिकच जोखमीचे. समघटक काढण्यासाठी कच्चे टीएनटी सोडियम सल्फाइटने धुतात, पण त्यातून निघणारे लाल पाणी स्वतःच घातक असते. साठा सुरक्षित करणारी प्रक्रियाच कारखान्याभोवतीचे पाणी धोक्यात आणते. हा पेच कारखाना उभारल्यावर सुटत नाही, रेणू निवडतानाच त्याचा विचार व्हावा लागतो.

असा विचार शिस्तीने मांडला गेला तो एकविसाव्या शतकात. 2008 मध्ये अमेरिकेतील एएसटीएम या मानक संस्थेने नव्या स्फोटक संयुगांसाठी टप्प्याटप्प्याची पद्धत ठरवली. संयुग कागदावर असताना संगणकाने त्याची विद्राव्यता आणि विषारीपणा यांचा अंदाज घ्यायचा, थोडेसे तयार झाल्यावर पेशींवर चाचणी करायची, विकास पुढे गेला तरच प्राण्यांवर. खर्च कमी असतानाच वाईट संयुग गाळायचे, हा तिचा गाभा.

भारतात मात्र 2006 ची पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना प्रकल्पाची जागा तपासते, संयुग नव्हे. शिवाय संरक्षण प्रकल्पांना तिच्यात जनसुनावणीतून सूट आहे. सुरक्षेची गरज मान्य केली, तरी भांडाराशेजारी राहणाऱ्यांचा प्रश्न त्यामुळे विचारलाच जात नाही, ही मोठी उणीव आहे.

मुदत संपलेल्या साठ्याचे काय करायचे, हाही संयुगाच्या अशा तपासणीचा भाग. 20 नोव्हेंबर 2018 रोजी पुलगावजवळच्या मैदानावर जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जण ठार झाले. त्यांत तिथे राबणारे मजूर होते.