३० ऑगस्ट : मेरी शेली यांचा जन्मदिन

आंग्ल कादंबरीकर्त्री मेरी शेली यांचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ रोजी लंडनमध्ये झाला. ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या कीर्तीपुढे त्यांची १८२६ सालची ‘द लास्ट मॅन’ ही कादंबरी उपेक्षित राहिली, याची आम्हांस मनस्वी खंत वाटते. पती शेली समुद्रात बुडून आणि स्नेही बायरन ग्रीसमध्ये ज्वराने निवर्तल्यानंतर, त्या दोघांची छाया पात्रांवर पाडीत, त्यांनी एकविसाव्या शतकाच्या अखेरीस महामारीने निर्मनुष्य होणाऱ्या पृथ्वीची ही कथा रचली. तख्त, कायदा, दौलत सर्व लयास गेल्यावर एकटा उरलेला लायोनेल व्हर्नी ओसाड रोममधील सेंट पीटर चर्चच्या शिखरावर चढून २१०० हे जगाचे अंतिम वर्ष पाषाणावर कोरतो, आणि केवळ एका श्वानाच्या सोबतीने नौकेतून निघतो. पहिला खंड संथ आहे. तरी वाचकांनी तेथेच पुस्तक मिटू नये.