श्रेष्ठी ते शेट : एका पदाची वाटचाल

‘श्रेष्ठ’ या संस्कृत विशेषणाला ‘इन्’ हा प्रत्यय लागून ‘श्रेष्ठिन्’ हा शब्द सिद्ध झाला आणि व्यापाऱ्यांच्या किंवा कारागिरांच्या श्रेणीचा, म्हणजे एकाच धंद्यातील लोकांच्या संघाचा, प्रमुख या अर्थाने तो रूढ झाला. प्राकृतात ‘श्र’चा ‘स’ आणि ‘ष्ठ’चा ‘ट्ठ’ होऊन ‘सेट्ठि’ हे रूप आले व त्यातून हिंदी-गुजरातीतील ‘सेठ’ निघाला. मराठी ‘शेट’मधील ‘श’ हा मात्र थेट संस्कृताचा वारसा नव्हे. ‘इ’ आणि ‘ए’ या स्वरांपूर्वी प्राकृत ‘स’चा ‘श’ करण्याची मराठीची जी प्रवृत्ती ‘शिवणे’, ‘शेज’ अशा शब्दांत दिसते, तिचाच तो परिणाम होय.

पाली जातककथांतील सेट्ठी धनाढ्य असतो, परंतु ‘सेट्ठिट्ठान’ हे राजमान्य पदही असते आणि ते पुष्कळदा पित्याकडून पुत्राकडे जाते. कार्ल्याचे चैत्यगृह वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासी येथील भूतपाल नावाच्या सेठीने पूर्णत्वास नेले, असे तेथील शिलालेख सांगतो. दात्याच्या नावाशी गाव आणि पद ही दोन्ही जोडलेली असणे, हे त्या पदाच्या प्रतिष्ठेचे द्योतक आहे. गुप्तकाळात हे पद प्रत्यक्ष कारभारात शिरले. बंगालमधील दामोदरपूर येथील ताम्रपटांपैकी इ. स. 443-44 च्या पटात कोटिवर्ष या विषयाच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, अधिकरणात नगरश्रेष्ठी धृतिपाल हा सार्थवाह (तांड्याचा नायक), प्रथमकुलिक (कारागिरांचा मुख्य) आणि प्रथमकायस्थ (लेखकांचा मुख्य) यांच्यासह जमिनीच्या विक्रीचा व्यवहार पाहताना दिसतो.

महाराष्ट्रात हाच वारसा पेठांच्या वतनी व्यवस्थेत टिकून राहिला. गावाला जसे पाटील आणि कुलकर्णी, तसे पेठेला शेटे आणि महाजन, अशी ही जोडी होती. नवी पेठ वसवायची तर व्यापाऱ्यांना बोलावून, त्यांना कौल म्हणजे सवलतींचे अभय मिळवून देऊन तेथे स्थिर करणे, बाजाराचा बंदोबस्त राखणे आणि सरकारदेणे वसूल होण्यास साहाय्य करणे ही शेट्याची कामे असत. त्याबद्दल तेल्याकडून तेल, माळ्याकडून भाजी, तांबोळ्याकडून पाने असे ठरावीक हक्क त्याला मिळत आणि सणासमारंभात मानही मिळे. या वतनाला ‘शेटेपण’ म्हणत. ‘शेटे’ हे आडनाव त्याचीच आठवण देते.

इंग्रजी अमलात पेठेचा कारभार नव्या कचेऱ्यांकडे गेला, तेव्हा पद क्षीण झाले आणि संबोधन तेवढे उरले. मुंबईत जगन्नाथ शंकरशेट (1803-1865) यांच्या नावात ते लोकादराने नांदले, कारण शाळा, संस्था आणि सार्वजनिक कामे यांसाठी त्यांनी आपले वजन व पैसा खर्ची घातला. याच्या उलट, 1875 मध्ये सुपे येथून पसरलेल्या दंग्यांत दख्खनच्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि पुढे ब्राह्मणेतर चळवळीने ‘शेटजी-भटजी’ ही जोडी शोषणाची खूण ठरवली. पेठेच्या शेट्याला हक्कांबरोबर नेमून दिलेली कर्तव्ये होती. नव्या शेटजीला केवळ भांडवल होते आणि त्याला जाब विचारणारी पेठ उरली नव्हती. शब्दाच्या अर्थात पडलेले हे अंतर मुळात बाजाराच्या रचनेत पडलेले अंतर आहे.