चौघांचा एक सूर



आपल्याकडे सख्खे भाऊसुद्धा चाळीस वर्षे एका चुलीवर जेवत नाहीत. बांधावरून, वाटणीवरून बिनसतेच. मग एकमेकांच्या रक्ताचे नसलेले चार वादक जवळजवळ चाळीस वर्षे एकत्र कसे राहिले असतील? त्यांची हकीकत आज सांगतो.

युरोपात ‘स्ट्रिंग क्वार्टेट’ नावाचा वादनप्रकार आहे. दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो. व्हिओला म्हणजे व्हायोलिनचीच थोरली बहीण, जरा मोठी आणि खर्जाकडे झुकलेली. चेलो त्याहून पुष्कळ मोठा, गुडघ्यांत धरून वाजवायचा. चौघांपुढे हातवारे करून ताल दाखवणारा कोणी नसतो. एकमेकांचे ऐकायचे आणि वाजवायचे, बस्स. एकाचा हात चुकला, तर लपायला जागा नाही.

१९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. व्हिएन्नातील ज्यू कुटुंबांवर आकाश कोसळले. नॉर्बर्ट ब्रेनिन, सीगमुंड निसेल आणि पीटर शिडलॉफ ही पंधरा-सोळा वर्षांची तीन मुले इंग्लंडच्या आश्रयाला आली. पण १९४० मध्ये इंग्रज सरकारने जर्मन आणि ऑस्ट्रियन लोकांना शत्रुराष्ट्रीय ठरवून छावण्यांत डांबले. हिटलरच्या तावडीतून सुटले ते तारेच्या कुंपणाआड गेले! दैवाची गंमत पाहा, ब्रेनिन आणि शिडलॉफ यांची गाठ एका छावणीत पडली, तर शिडलॉफ आणि निसेल यांची आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत.

सुटका झाल्यावर लंडनमध्ये मॅक्स रोस्टाल हे नामांकित गुरू त्यांना लाभले. तेही परागंदा झालेले. त्यांनी या मुलांकडून फी घेतली नाही. पुढे मार्टिन लव्हेट हा लंडनचा तरुण चेलोवादक येऊन मिळाला आणि चौकडी जमली.

आता तुम्ही म्हणाल, तिघेही व्हायोलिनवाले, मग व्हिओला कोण वाजवणार? हाच खरा पेच होता. व्हायोलिनच्या वाट्याला मिरवणारी चाल येते. व्हिओला बहुधा मधल्या फळीत राहून आधार देतो. शिडलॉफने व्हायोलिन बाजूला ठेवले आणि व्हिओला हाती घेतला. पुढे जगातील श्रेष्ठ व्हिओलावादकांत त्याची गणना झाली.

१० जानेवारी १९४८ रोजी लंडनच्या विग्मोर हॉलमध्ये ‘अमाडेउस क्वार्टेट’ या नावाने त्यांचा पहिला जलसा झाला. संगीतकार गुस्टाव्ह होल्स्ट यांची कन्या इमोजेन यांनी पैशाची बाजू सांभाळली होती. सभागृह तुडुंब भरले. अमाडेउस हे मोत्सार्टचे मधले नाव.

त्यानंतर देशोदेशीचे दौरे झाले, ध्वनिमुद्रिका निघाल्या. ज्या जर्मनीच्या सत्तेने त्यांना देशोधडीला लावले, त्याच जर्मनीत जाऊन ते बेटहोव्हेन आणि शुबर्ट वाजवू लागले. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांची तिसरी क्वार्टेट डिसेंबर १९७६ मध्ये त्यांनीच प्रथम जाहीरपणे सादर केली. ती ऐकायला ब्रिटन नव्हते. पंधरा दिवसांपूर्वीच ते निवर्तले होते.

तालमीत या चौघांची भांडणे होत, आणि ती चांगली कडाक्याची. पण भांडण स्वराचे असे, मानापानाचे नसे. म्हणूनच ते भांडूनही फुटले नाहीत.

१९८७ साली शिडलॉफ अचानक वारला. नवा व्हिओलावादक मिळणे अवघड नव्हते. तरीही उरलेल्या तिघांनी चौकडीच मिटवली. चाळीस वर्षांत एकही माणूस बदलला नव्हता, तो आता बदलायचा नाही, असे त्यांनी ठरवले. मग तरुणांना शिकवण्यात त्यांनी वेळ घालवला. ब्रेनिन २००५ साली गेले, निसेल २००८ साली आणि लव्हेट २०२० साली.

शिक्षकबंधूंनो, शाळेच्या समूहगीतात पहिला आवाज मागणारी मुले पुष्कळ असतात. ‘मी दुसरा आवाज धरतो’ म्हणणारा एखादाच निघतो. त्याच्या पाठीवर हात ठेवायला विसरू नका. चौकडी उभी राहते ती त्याच्या जिवावर. आणि तो उठून गेला की मैफल संपते.