कासव आणि दप्तर

सावित्री नदी जेथे अरबी समुद्रास मिळते त्या मुखाशी बाणकोटचा किल्ला, म्हणजेच हिंमतगड, आहे. १७५५ साली इंग्रजांच्या आरमाराने तो आंग्र्यांकडून घेतला, पुढच्याच वर्षी पेशव्यांशी झालेल्या तहाने तो कंपनीकडे कायम झाला आणि हिंमतगडाचा ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ झाला. त्याच्या दक्षिणेस थोड्या अंतरावर, माडाच्या आणि सुरूच्या बनांच्या आड वसलेले मंडणगड तालुक्यातील वेळास हे भानू घराण्याचे गाव. मराठी राज्याला ज्याने आपल्या दप्तरातील काटेकोरपणाने अखेरपर्यंत सावरून धरले, त्या नाना फडणिसांचे मूळ गाव. फडणिसांच्या गावाला हिशोबाची वही काही नवी नव्हे. परंतु २००२ सालानंतर तेथे जी एक वही सुरू झाली, तिच्यात मोहिमांचा खर्च किंवा सरंजामाचा तपशील नव्हता. कोणत्या रात्री पुळणीवर मादी चढली, तिने किती अंडी घातली आणि त्यांतून किती पिले समुद्रास मिळाली, एवढ्याच नोंदी तिच्यात होत्या.

या वहीपूर्वीचा इतिहास फारसा लिहिलेला नाही, कारण तो आचारात होता. कोकणातील कासवाविषयीचा लोकाचार मोठा विलक्षण आणि, स्पष्टच सांगायचे तर, मोठा सोयीचा होता. कासव म्हणजे विष्णूचा दुसरा अवतार. शिवालयात नंदीच्या पुढे, गाभाऱ्याकडे तोंड करून बसविलेले दगडी कासव ओलांडून जाताना त्यास हात लावून नमस्कार करण्याची रीत आजही मोडलेली नाही. जाळ्यात जिवंत कासव आले तर त्यास हळदकुंकू लावून, नारळ वाढवून पुन्हा पाण्यात सोडावे, हा रिवाज किनाऱ्यावरच्या काही कोळीवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. त्याच किनाऱ्यावर कासवाची अंडी मात्र बिनदिक्कत खणली जात, खाल्ली जात आणि जवळच्या बाजारात विकलीही जात. देवत्व पाठीवरच्या ढालीपाशी संपत होते. अंड्यास ते लागू नव्हते.

अंडी काढणाऱ्याची विद्या साधी नव्हती. थंडीचे दिवस सुरू झाले, म्हणजे पहाटे भरतीने वाळू धुऊन निघण्यापूर्वी किनाऱ्यावरून चालत जायचे. पाण्यापासून वर गेलेली आणि पुन्हा पाण्याकडे वळलेली, दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारख्या पायांचे ठसे असलेली रुंद वाट दिसली, म्हणजे तिच्या वरच्या टोकास थांबायचे. आणि हातातली बारीक काठी वाळूत खुपशीत जायचे, जेथे ती एकाएकी सैल आत शिरेल तेथे हाताने उकरायचे. हातभर खोलीवर, खाली फुगलेल्या पोकळीत, टेबल टेनिसच्या चेंडूएवढी पांढरी, चिवट कवचाची शंभराच्या आसपास अंडी एकावर एक पडलेली असत. मादी सुमारे चाळीस किलो वजनाची. ती मागच्या पायांनी हा खड्डा खणते, अंडी घातल्यावर वाळू लोटते आणि अंगाच्या भाराने ती ठोकून चोपते. मग ती जाते आणि त्या जागेकडे परत फिरकत नाही. माणसाच्या नजरेतून सुटलेले घरटे कोल्हे, कुत्री आणि वाळूतले खेकडे यांच्या वाट्यास येई.

कोकणात हा व्यवहार किरकोळ आणि घरगुती राहिला. पूर्व किनाऱ्यावर मात्र त्यास महसुलाचे रूप आले होते. ओडिशात गहिरमाथ्याच्या वाळूवर याच जातीच्या, म्हणजे ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या एकेका हंगामात लाखोंनी चढतात. ते क्षेत्र कनिकाच्या जमीनदारीत मोडे, आणि त्या जमीनदारीच्या उत्पन्नात ‘अंडा-कर’ नावाची एक बाबच होती. होडी भरून अंडी न्यायची तर जमीनदारास कर द्यावा लागे. पुढे जमीनदारी जाऊन जंगल खाते आले, तेव्हा कराची जागा परवान्याने घेतली, एवढाच काय तो फरक पडला. १९७४ साली बस्टर्ड या सरीसृपतज्ज्ञाने त्या अफाट विणीची वार्ता शास्त्रज्ञांपुढे मांडली, १९७५ साली भितरकनिका अभयारण्य घोषित झाले आणि परवान्यांचा तो कारभार आटोपला. ज्या वस्तूवर सरकारास आकारणी करता येते तिच्या रक्षणाची बुद्धी सरकारास उशिराच सुचते, हे या एका प्रकरणावरून म्हणावेसे वाटते.

मध्यंतरी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला होता आणि समुद्री कासवे त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस, जाऊन बसली. कोकणातल्या पुळणीवर या राजपत्राचा परिणाम बेताचाच झाला. अंडी काढणे चोरून होऊ लागले, इतकेच. ज्या किनाऱ्यावर रात्री दिवा नाही आणि जेथे पहाटे सर्वांआधी पोहोचणारा माणूस अंडी काढणाराच, तेथे कायद्याची अंमलबजावणी करायची कोणी?

चिपळूणच्या ‘सह्याद्रि निसर्ग मित्र’ या संस्थेस हा प्रश्न जवळजवळ अनाहूत भेटला. विश्वास ऊर्फ भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ साली पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची घरटी मोजीत किनारा धुंडाळीत होते. वेळासच्या वाळूवर त्यांस उकरलेले खड्डे आणि अंड्यांची टरफले दिसली. पुढे त्यांनी जे केले त्यातले मर्म मला असे दिसते, की अंडी काढणाऱ्यांस हुसकून न लावता त्यांच्यापैकीच काहींस त्यांनी रक्षणाच्या कामी नेमले. पाऊलवाट ओळखणारा डोळा तोच राहिला, पहाटेची फेरीही तीच. फक्त सापडलेली अंडी बाजाराऐवजी कुंपणात जाऊ लागली आणि आणणाऱ्यास मानधन मिळू लागले. पुढे या लोकांस ‘कासवमित्र’ हे नाव रूढ झाले. पहिल्याच हंगामात पन्नास घरटी राखली गेली आणि २,७३४ पिले समुद्रात गेली.

कुंपणातले काम बारकाईचे आहे. भरतीरेषेच्या वर बांबू आणि जाळी यांचा आडोसा करून, मूळ घरट्याइतक्याच खोलीचा आणि त्याच घडणीचा खड्डा हातांनी खणावा लागतो. अंडी काही तासांच्या आत, उलथीपालथी न होऊ देता त्यात ठेवावी लागतात, कारण आतला गर्भ एकदा कवचास चिकटला की धक्क्याने दगावतो. मग वर तारखेची पाटी आणि पालथी टोपली. पंचेचाळीस ते साठ दिवस गेल्यावर तेथील वाळू किंचित खचते; आणि एखाद्या सकाळी टोपली उचलावी तो तळहातावर मावतील अशी काळपट पिले एकमेकांच्या अंगावर चढून धडपडत असतात. त्यांस उचलून पाण्यात टाकीत नाहीत. लाटांपासून काही अंतरावर ठेवून वाळू त्यांची त्यांनाच चालू देतात. जन्मकिनाऱ्याची खूण त्या चालीत त्यांच्या ठायी उमटते, असे जाणते मानतात. ही चाल पाहण्यास मुंबई-पुण्याची माणसे येऊ लागली, कासव महोत्सव भरू लागला, गावची घरे पाहुण्यांस उघडली आणि पोळी-भाजीच्या ताटावर चार पैसे मिळू लागले. कासवरक्षणाचा धागा गुंफलेल्या, सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ चित्रपटास पुढे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले.

तथापि कुंपण हा अखेरचा उपाय मानण्याची चूक होऊ नये. पिलू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. उष्ण वाळूत माद्या, थंड वाळूत नर. सगळी घरटी एका चौकोनात आणून मांडली, की किनाऱ्यावरच्या सावली-उन्हाचे नैसर्गिक वैविध्य आपण पुसून टाकतो. माणसांची आणि कुत्र्यांची बाधा जेथे नाही तेथे घरटे मूळ जागीच राखणे अधिक शहाणपणाचे.

प्रौढ कासवाचे संकट निराळे आहे. पावसाळ्यात तुटक्या जाळ्यांत गुरफटलेली, पाय कापले गेलेली कासवे किनाऱ्यास लागतात. डहाणूस वनखात्याच्या आश्रयाने त्यांच्यासाठी शुश्रूषा केंद्र आहे, तेथे ती महिनोन्‌महिने टाक्यांत ठेवून, धड झालेली पुन्हा समुद्रात सोडली जातात. जाळ्यात जिवंत सापडलेल्या कासवासाठी जाळे कापणाऱ्या कोळ्यास पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये सुरू केली. अर्जासोबत जाळ्याची व सुटकेची छायाचित्रे लागतात. ज्या कोळ्याचा आजा नारळ वाढवून कासव सोडीत असे त्याचा नातू आज भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून सोडतो. यात भक्ती कमी झाली असे मी म्हणणार नाही, फाटलेल्या जाळ्याचा भुर्दंड आजवर एकट्या कोळ्याच्या माथी होता, तो आता सरकारी तिजोरीने वाटून घेतला.

जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहास संदेश देणारे यंत्र बसविले गेले. पश्चिम किनाऱ्यावरील हा पहिलाच प्रयोग, म्हणून तिचे नाव ‘प्रथमा’. परंतु खरा धक्का दिला तो साध्या धातूच्या बिल्ल्याने. २०२१ च्या मार्चमध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर ०३२३३ या क्रमांकाचा बिल्ला टोचलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना आढळली. दोन्ही किनाऱ्यांची कासवे आपापल्या समुद्रात नांदतात आणि त्यांचे हिशोब वेगळे ठेवता येतात, ही अभ्यासकांची समजूत त्या एका क्रमांकाने पुन्हा तपासण्यास लावली.