गांडुळाची साक्ष



इतिहासावरचे व्याख्यान म्हटले की गडकोट, लढाया, तह आणि राजेरजवाडे यांची वर्णने कानी पडतील अशी आपली अपेक्षा असते, आणि ती गैर नाही. मी मात्र आज ज्याचा इतिहास सांगणार आहे त्याला ना डोळे, ना कान, ना कणा. पावसाच्या पहिल्या सरीबरोबर तो अंगणात येतो आणि आपल्या वहाणेखाली चिरडला जातो. आपण भित्र्या माणसाला 'गांडूळ' म्हणून हिणवतो. पण माणसाने जमिनीत कोणते विष कालवले याची साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा ती या बिनकण्याच्या प्राण्याने दिली.

मी शास्त्रज्ञ नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. कामगारांची संघटना बांधणे हा माझा व्यवसाय. त्यामुळे कोणताही विषय हाती घेतला तरी राबतो कोण आणि किंमत मोजतो कोण, हे दोन प्रश्न मला आधी सुचतात. गांडुळाच्या इतिहासालाही मी तेच विचारणार आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जुने आहे. इंग्लंडातील सेलबर्न या खेड्याचे निसर्गवेडे पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी १७७७ साली एका पत्रात लिहून ठेवले की गांडूळ दिसायला क्षुद्र असले तरी ते नाहीसे झाले तर सृष्टीच्या साखळीत मोठे खिंडार पडेल. माती भुसभुशीत करणे, पाणी मुरवणे, पाने आत ओढणे ही त्याची कामे त्यांनी ओळखली होती. पण खरा हिशेब मांडला तो चार्ल्स डार्विन यांनी. १८३७ साली, म्हणजे उत्क्रांतीवरील त्यांच्या जगप्रसिद्ध ग्रंथाच्या बावीस वर्षे आधी, त्यांनी लंडनच्या भूशास्त्र संस्थेपुढे गांडुळांवर निबंध वाचला. शेतावर पसरलेला चुना आणि राख काही वर्षांनी जमिनीखाली गेलेली दिसते, ती कशी जाते, हा प्रश्न होता. डार्विन यांचे म्हणणे असे की गांडुळे खालची माती गिळून वर आणून टाकतात, म्हणून वरची वस्तू आपोआप खाली जाते.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. १८४२ साली त्यांनी आपल्या घराजवळच्या कुरणात खडूचे तुकडे पसरले आणि २९ वर्षे वाट पाहिली! १८७१ साली चर खणला तेव्हा खडूची रेघ सात इंच खाली सापडली. घरात मातीच्या कुंड्यांत गांडुळे पाळून त्यांच्यापुढे पियानो आणि बसून वाजवून पाहिले. त्या आवाजांकडे गांडुळांनी ढुंकूनही पाहिले नाही. पण कुंडी पियानोवर ठेवून सूर छेडला, तशी ती कंप जाणवून बिळात शिरली. कलकत्त्याजवळच्या वनस्पती उद्यानातूनही त्यांनी गांडुळांच्या विष्ठेचे मनोरे मागवून घेतले होते. म्हणजे या शास्त्रात आपल्या देशाच्या मातीचाही हातभार आहे. १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांचे गांडुळांवरील पुस्तक निघाले. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाते, असा त्यांचा अंदाज होता.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे. जो प्राणी माती गिळतो, तो मातीतले सगळेच गिळतो. त्याला फुप्फुस नाही. ओलसर कातडीवाटे तो श्वास घेतो, म्हणून मातीतल्या पाण्यात विरघळलेले ते आतून आणि बाहेरून दोन्ही वाटांनी त्याच्यात शिरते. शिवाय तो फार दूर जात नाही. पक्षी आज इथे, उद्या पन्नास मैलांवर. गांडूळ मात्र त्या वावराचे खरे रहिवासी. साक्षीदार घटनास्थळीच राहणारा असावा, ही कोर्टाची अट ते पुरी करते.

आता ही साक्ष पहिल्यांदा गाजली कशी ते पाहू. १९३९ साली स्वित्झर्लंडमध्ये पॉल म्युलर यांना डीडीटीचा कीटकनाशक गुण सापडला आणि १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पावडरीने लाखो जीव वाचवले हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. आपल्याकडे १९५३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय हिवताप मोहिमेत घरोघर भिंतींवर तिचीच फवारणी झाली. पण अमेरिकेत ती शहरांतल्या झाडांवरही फवारली जाऊ लागली. तिकडे एल्म नावाच्या वृक्षांना एक बुरशीचा रोग लागला होता आणि तो पसरवणारे भुंगेरे मारायचे होते. मिशिगन राज्यातील ईस्ट लान्सिंगच्या विद्यापीठाच्या आवारात १९५४ साली फवारणी सुरू झाली. पुढच्या वसंतात तेथे रॉबिन पक्षी तडफडून मरू लागले. फवारा झाडावर मारला, पक्ष्यावर नव्हे. मग पक्षी मेले कशाने?

तेथील प्राध्यापक जॉर्ज वॉलेस यांनी मेलेले पक्षी मोजले. इलिनॉय राज्यातील रॉय बार्कर यांनी या मृत्यूचा माग काढून १९५८ साली तो प्रसिद्ध केला. वसंतात फवारलेले विष पानांना चिकटून राहते. शरदात पाने गळतात. गांडुळे ती पाने खातात आणि विष देहात साठवून हिवाळा काढतात. पुढच्या वसंतात रॉबिन परत येतात आणि ती गांडुळे खातात. अकरा मोठी गांडुळे एका पक्ष्याला मारायला पुरे होत, आणि तेवढी तो तितक्याच मिनिटांत गिळतो. रेचल कार्सन यांनी ही हकिकत १९६२ साली आपल्या 'सायलेंट स्प्रिंग' या ग्रंथात सांगितली आणि अमेरिकेत खळबळ उडाली. १९७२ साली अमेरिकेने डीडीटीचा बहुतेक सर्व वापर बंद केला. आपल्या देशात शेतीसाठी तिचा वापर १९८९ साली बंद झाला.

या गोष्टीतला एक मुद्दा सहज निसटतो. गांडुळे पुष्कळशी जगली होती. ती मेली असती तर पक्ष्यांना विष पोचलेच नसते. जगलेले गांडूळ हेच विषाचे वाहन झाले. म्हणजे 'मेले किती?' एवढाच प्रश्न विचारणारा अर्धेच सत्य पाहतो.

तरीही शास्त्राने आरंभ केला तो मेलेले मोजण्यापासूनच. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८४ साली गांडुळांच्या चाचणीची रीत ठरवून दिली. ७० टक्के वाळू, २० टक्के केओलिन म्हणजे पांढरी चिकणमाती आणि १० टक्के पीट म्हणजे कुजलेले शेवाळ अशी बनावट माती करायची. तीत तपासायचे रसायन निरनिराळ्या प्रमाणांत मिसळायचे. प्रत्येक भांड्यात दहा गांडुळे सोडायची आणि चौदा दिवसांनी किती मेली ते पाहायचे. तोंडाकडच्या बाजूला हलकेच स्पर्श करून जे हलत नाही ते मेले. अर्धी गांडुळे ज्या प्रमाणाला मरतात तो त्या रसायनाचा आकडा.

रीत साधी आणि उपयोगाची आहे, पण मला ती वाचताना एक जुना प्रसंग आठवला. शिशाच्या कामावरील आमच्या सभासदांच्या रक्ततपासणीचे कागद आम्ही एका कारखान्याकडे मागितले होते. तेथील अधिकारी म्हणाले, "साहेब, दहा वर्षांत इथे एकही माणूस दगावलेला नाही." ही चौदा दिवसांची परीक्षाच झाली! हातापायांतली शक्ती गेली, पोटात कळा येतात, घरी बाईचा गर्भ टिकत नाही, हे त्या हिशेबात कुठेच बसत नव्हते.

शास्त्रज्ञांना मात्र ही उणीव कळली आणि त्यांनी ती दूर केली. २००४ साली ओईसीडीने दुसरी चाचणी दिली. तीत मोठी गांडुळे अठ्ठावीस दिवस ठेवून काढून घेतात आणि आणखी अठ्ठावीस दिवसांनी मागे उरलेल्या कोषांतून किती पिले निघाली ते मोजतात. पुष्कळदा आई-बाप धडधाकट दिसतात आणि पिढी मात्र खुंटलेली असते. २००८ साली आलेली एक रीत तर आम्हा संघटनावाल्यांना फारच आवडावी. पेटीच्या एका अर्ध्या भागात चांगली माती, दुसऱ्यात संशयित माती. मधली फळी काढून गांडुळे मध्यावर सोडायची. दोन दिवसांनी संशयित भागात वीस टक्क्यांहून कमी गांडुळे उरली असतील तर ती माती राहण्याजोगी नाही असे समजायचे. हा गांडुळांचा संपच म्हणायचा! फरक इतकाच की त्यांच्या पेटीला दुसरा अर्धा भाग असतो. आमच्या माणसाला तो नसतो.

आता प्रयोगशाळा सोडून खऱ्या कारखान्याकडे येऊ. इंग्लंडात ब्रिस्टॉलजवळ, सेव्हर्न नदीच्या मुखाशी, एव्हनमथ येथे जस्त, शिसे व कॅडमियम गाळण्याचा मोठा कारखाना होता. १९७२ साली तेथील कामगारांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चढलेले आढळले, काम थांबवावे लागले आणि सर ब्रायन विंडेयर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. ही झाली भिंतीच्या आतली कथा. भिंतीबाहेरची कथा पुढे १९९० नंतरच्या दशकात डेव्हिड स्पर्जन व स्टीफन हॉपकिन यांनी गांडुळांकडून वदवून घेतली. धुराड्यापासून वेगवेगळ्या अंतरांवर त्यांनी माती खणली. जसजसे कारखान्याच्या जवळ यावे तसतशी गांडुळांच्या जाती कमी होत गेल्या आणि अगदी जवळ ती सापडेचनात. अनेक धातूंपैकी मुख्य गुन्हेगार जस्त असावे असे त्यांनी दाखवले. कारखाना २००३ साली बंद झाला. पण मातीत उतरलेला धातू कामगारांबरोबर घरी जात नाही.

त्याच संशोधकांनी आणखी एक प्रामाणिक गोष्ट सांगितली. प्रयोगशाळेत नव्याने मिसळलेले जस्त हे शेतात वर्षानुवर्षे मुरलेल्या जस्ताहून पुष्कळ अधिक विषारी ठरते. शिवाय चाचणीतली गांडुळे बहुधा 'आयसेनिया फेटिडा' या जातीची, म्हणजे आपल्याकडे गांडूळखताच्या वाफ्यात असतात ती. उकिरड्यात रमणारी, वावरात क्वचित आढळणारी. तेव्हा साक्षीची उलटतपासणी झालीच पाहिजे. एका आकड्यावरून ना कारखान्याला फाशी द्यावी, ना त्याला निर्दोष सोडावे.

उलटतपासणीचा सर्वांत कठीण प्रश्न डेव्हन परगण्यातून येतो. टॅव्हिस्टॉकजवळची डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स ही खाण १८४४ साली तांब्यासाठी सुरू झाली आणि पुढे सोमलासाठी नावाजली. खाण बंद होऊन शतक लोटले, तरी तिथल्या ढिगाऱ्यांत सोमल भरपूर आहे. आणि मौज अशी की त्या मातीत गांडुळे सुखाने नांदतात! बाहेरची गांडुळे तिथे सोडली तर मरतात. पिढ्यान् पिढ्यांत तिथल्या वंशाने विष सोसण्याची ताकद कमावली आहे. गांडुळाच्या पेशींत कॅडमियमसारख्या धातूंना बांधून ठेवणारी प्रथिनेही असतात. त्यामुळे धातू साठतो, तरी देह चालतो.

म्हणून कुणी म्हणेल की इथे गांडुळे आहेत, सबब माती स्वच्छ आहे, तर ते मानू नका. कारखान्याच्या दारात वीस वर्षे काम करून टिकलेला एक दणकट माणूस उभा करून 'पाहा, याला काही झाले का?' असे विचारण्यासारखेच ते आहे. जे टिकले नाहीत ते गावी परतले. त्यांची नावे हजेरीपटावर नाहीत. टिकलेल्याला पाहून निर्णय देऊ नये. त्याच्या देहात काय साठले, त्याची पोरेबाळे कशी आहेत आणि जे दिसत नाहीत ते कुठे गेले, हे विचारावे. गांडुळाच्या शास्त्राने शंभराहून अधिक वर्षे चुकतमाकत हे तीन प्रश्न शिकवले आहेत.

आपल्या शहरांतही जुन्या कारखान्यांच्या जागा रिकाम्या होत आहेत आणि त्यांवर वसाहती उठत आहेत. ज्यांनी तिथे घाम गाळला त्यांचीच नातवंडे उद्या त्या मैदानात खेळतील. जागेचा भाव, चटईक्षेत्र, रस्त्याची रुंदी हे सारे आपण नगरपालिकेत विचारतो. त्याबरोबर एवढेही विचारावे: माती तपासली का? कोणत्या धातूंसाठी? नुसती यंत्राने, की जिवंत प्राण्यावरही? तपासणीचा कागद कोणाला पाहायला मिळेल? यंत्र मातीत काय आहे ते सांगते. त्याने जिवाचे काय होते ते जिवंत प्राणीच सांगू शकतो. हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. मला विचारता आले, तसे आपणांपैकी कोणालाही येतील.