आगरी-कोळी स्वयंपाक (नवी मुंबई)

आगरी-कोळी स्वयंपाक ही नवी मुंबई आणि लगतच्या ठाणे व रायगड जिल्ह्यांतील आगरी व कोळी समाजांची घरगुती पाकपरंपरा होय. तांदूळ, मीठ आणि खाडीतील मासळी या तीन स्थानिक उत्पादनांवर ती उभी राहिली. तांदळाची भाकरी, मासळीचे आंबट कालवण, सुक्या मासळीचे प्रकार आणि तांदूळ, गूळ व नारळ यांचे गोड पदार्थ हे या स्वयंपाकाचे ठळक विशेष आहेत. १९७० नंतर नवी मुंबई शहर वसवले जाताना भातशेती, मिठागरे व खाडीकाठ यांचे स्वरूप पालटले. त्यामुळे जिन्नस मिळवण्याचे मार्ग बदलले. पदार्थ करण्याच्या रीती मात्र पुष्कळ अंशी टिकून आहेत.

भौगोलिक पार्श्वभूमी

नवी मुंबई ठाणे खाडीच्या पूर्व काठावर वसलेली आहे. शहराच्या पूर्वेस पारसिकची डोंगररांग असून दक्षिणेस पनवेलची खाडी आहे. घणसोली, कोपरखैरणे, वाशी, तुर्भे, सानपाडा, नेरूळ, करावे, बेलापूर, दिवाळे ही येथील जुनी गावे होत. 'आगर' म्हणजे मिठागर किंवा लागवडीची जमीन. त्यावरून 'आगरी' हे नाव आले, असे मानले जाते. भातशेती, मीठ पिकवणे व खाडीतील मासेमारी हे आगरी समाजाचे पारंपरिक व्यवसाय, तर मासेमारी हा कोळी समाजाचा मुख्य व्यवसाय होता.

खाडीलगतच्या खारभूमीत मातीचे बांध घालून भरतीचे पाणी अडवले जाई. पावसाच्या पाण्याने जमिनीतील क्षार धुऊन निघाले की भाताचे पीक घेतले जाई. अशा जमिनीत टिकणाऱ्या भाताच्या जातींवर पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्रात काम झाले असून 'पनवेल १', 'पनवेल २' व 'पनवेल ३' ही वाणे त्यातून पुढे आली.

तांदळाची भाकरी

तांदळाची भाकरी हा रोजच्या जेवणाचा कणा होय. गव्हाच्या पिठात पाणी घातल्यावर जो चिवटपणा येतो, तो तांदळाच्या पिठात येत नाही. म्हणून पाणी उकळून त्यात पीठ घालतात, झाकण ठेवून वाफ आणतात आणि ही उकड गरम असतानाच मळतात. उष्णतेमुळे पिठातील पिष्ट पाणी शोषून फुगते व चिकट होते. त्यामुळे भाकरी थापताना कडा फाटत नाहीत. सर्वसाधारणपणे एक वाटी पिठास एक वाटी पाणी लागते. मात्र तांदूळ नवा की जुना, यावर हे प्रमाण थोडे कमीअधिक होते.

भाकरी परातीत थापून तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूस पाण्याचा हात फिरवतात. पाणी सुकले की ती उलटतात व शेवटी फुगवून घेतात. पूर्वी चुलीवर मातीचा तवा वापरला जाई. हळदीच्या व लग्नाच्या जेवणात भाकरीबरोबर तांदळाच्या पिठाचे वडेही केले जातात.

मासळी व कालवण

बोलीभाषेत मासळीला 'म्हावरं' म्हणतात. कोलंबी, चिंबोरी, बोंबील, मांदेली, बोय, तिसऱ्या, कालवे आणि चिखलात राहणारे निवटे हे खाडीतील व किनाऱ्यावरील नेहमीचे प्रकार होत. खाडीत पाग टाकून किंवा डोल लावून मासे धरले जात.

रोजचे कालवण साधे असते. तेलात ठेचलेला लसूण परतून हळद, मीठ व लाल मसाला घालतात, चिंचेचा कोळ किंवा आमसूल टाकून उकळी आणतात आणि अखेरीस मासळी सोडतात. मासळी लवकर शिजते. ती मोडू नये म्हणून उलथने न घालता भांडे हलवून कालवण एकजीव करतात. पुष्कळ घरांत रोजच्या कालवणाला नारळाचे वाटण नसते.

यासाठी लागणारा आगरी मसाला उन्हाळ्यात वर्षभरासाठी केला जातो. सुक्या लाल मिरच्या, धने, हळकुंडे व गरम मसाल्याचे जिन्नस उन्हात वाळवून, भाजून व कुटून तो तयार होतो. मसाला टिकावा म्हणून बरणीत हिंगाचे खडे ठेवण्याची पद्धत आहे.

पावसाळ्याची बेगमी

महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. हा काळ बहुतेक माशांच्या प्रजननाचा असतो. शिवाय समुद्रही खवळलेला असतो. या दिवसांसाठी तांदूळ, मीठ, मसाला, कांदे व सुकी मासळी आधीच भरून ठेवतात. या बेगमीस 'आगोट' म्हणतात. जवळा, सुके बोंबील, वाकट्या, मांदेली व सोडे हे आगोटीतील प्रमुख प्रकार होत. कांद्यावर परतलेला जवळा आणि भाकरी, किंवा वांगी-बटाटे घालून केलेले सुक्या बोंबलाचे कालवण आणि भात, हे पावसाळ्यातील नेहमीचे जेवण असते.

याच ऋतूत डोंगरालगतच्या पाड्यांतील आदिवासी स्त्रिया शेवळे, टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या बाजारात आणतात. शेवळ्याने घशाला खाज सुटते. ती मारण्यासाठी 'काकड' नावाची आंबट फळे भाजीत घालतात; म्हणून शेवळे व काकडे एकत्रच विकली जातात. शेवळ्याच्या भाजीत अनेकदा कोलंबी किंवा सोडे घालतात. श्रावणात व उपवासाच्या वारी वाल, चवळी व मूग यांवर भर असतो. हिवाळ्यात वालाच्या कोवळ्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून जाळात भाजतात. हा पदार्थ 'पोपटी' या नावाने प्रसिद्ध आहे.

गोड पदार्थ

या परंपरेतील गोड पदार्थांत खवा व दूध यांचा वापर कमी आहे. घरचा तांदूळ, नारळ आणि गूळ यांवरच ते बेतलेले असतात.

पातोळे: हळदीच्या पानावर तांदळाच्या पिठाचा लेप देऊन त्यावर गूळ-खोबऱ्याचे सारण पसरतात. पान दुमडून सुमारे १५ मिनिटे वाफवतात. हळदीची पाने श्रावण-भाद्रपदात मिळत असल्याने हा पदार्थ त्या काळातील सणांशी जोडला गेला आहे.

खांडवी: एक वाटी तांदळाचा रवा तुपावर भाजून, दोन वाट्या पाणी व पाऊण ते एक वाटी गूळ यांच्या उकळत्या मिश्रणात शिजवतात. घट्ट झाल्यावर ताटात थापून वर ओले खोबरे पसरतात व वड्या पाडतात.

नारळी भात: नारळी पौर्णिमेस कोळी समाज समुद्राची पूजा करून नारळ अर्पण करतो. त्या दिवशी गूळ व नारळ घालून हा भात केला जातो. पावसाळ्यानंतरच्या मासेमारीच्या हंगामाशी या सणाचे नाते आहे.

याशिवाय तांदळाची गूळ घातलेली खीर व तळलेली बोरे हेही घरोघरी होतात. गौरीच्या सणात काही घरांत गोडाबरोबर मासळीचा किंवा मटणाचा तिखट नैवेद्य दाखवण्याची प्रथा आहे.

शहरीकरणाचा परिणाम

नवी मुंबईच्या उभारणीसाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना झाली. नियोजित शहराचे क्षेत्र सुमारे ३४४ चौरस किलोमीटर असून त्यात ९५ गावांची जमीन समाविष्ट होती. भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन झाले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांचा मृत्यू झाला. पुढे संपादित जमिनीच्या १२.५ टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना लागू झाली.

या बदलाचा परिणाम चुलीपर्यंत पोहोचला. शेत गेल्यावर घरचे भात कांडून तांदूळ करणे थांबले आणि भाकरीचा तांदूळ विकत आणला जाऊ लागला. मिठागरे कमी झाल्याने आगरातील जाड मिठाची जागा पिशवीतील बारीक मिठाने घेतली. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने व वाढती वस्ती यांच्या सांडपाण्यामुळे आणि भरावामुळे खाडीतील मासेमारी घटली. पूर्वी केवळ श्रमाने मिळणारे निवटे व चिंबोऱ्या आता दाम देऊन घ्याव्या लागतात. बाजाराचे तांदूळ बहुधा अधिक सडलेले व वेगळ्या जातींचे असल्याने उकडीच्या पाण्याचे प्रमाणही नव्याने जुळवावे लागते.

सद्यस्थिती

दिवाळे येथे आजही मासेमारी चालते व तेथील मासळीबाजार परिचित आहे. जुन्या गावठाणांतील काही स्त्रिया भाकऱ्या करून विकतात. आगरी-कोळी पद्धतीच्या खानावळी आणि नेरूळ येथे भरणारे आगरी-कोळी महोत्सव यांमुळे हे पदार्थ शहरातील इतर रहिवाशांपर्यंत पोहोचले आहेत. तथापि खानावळीत प्रामुख्याने तळलेली मासळी व मटण यांना मागणी असते. पातोळे, जवळ्याची भाजी किंवा शेवळे यांसारखे ऋतूशी बांधलेले पदार्थ मुख्यतः घरीच होतात. त्यांची प्रमाणे बहुधा हाताच्या अंदाजाने ठरलेली असून ती शिकण्याचे प्रमुख ठिकाण आजही घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा सहवास हेच आहे.