मोटारीच्या टाकीचा श्वास

पनवेलहून पेणकडे मोटार निघाली, म्हणजे वाटेंत जिते गांव लागतें. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा रस्त्याच्या या टापूंत गाड्यांची रांग हटत नाहीं. अशा वेळीं एखादा चाकरमानी पेट्रोल भरावयास थांबतो, आणि नळीचा चाप क्षणाक्षणाला 'टक्' करून आपोआप सुटतो. टाकी तर रिकामीच! मागचे भोंगे वाजवूं लागतात, आणि सारा राग निघतो तो पंपावरच्या मुलावर. त्या बिचाऱ्याचा बहुधा कांहीं अपराध नसतो. पण तें पटण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

अरुंद तोंडाची घागर पाण्यांत बुडविली, म्हणजे ती बुडबुडत भरते. भांडें भरणें म्हणजे त्यांतील हवा घालविणें. पाणी आंत जाण्यास आणि हवा बाहेर येण्यास वाट एकच असेल, तर खोळंबा व्हावयाचाच.

1888 सालीं बर्था बेंझ बाईंनीं मोटारीचा पहिला लांबचा प्रवास केला, तेव्हां त्यांनीं इंधन घेतलें तें जर्मनींतील वीसलोख गांवच्या औषधांच्या दुकानांत. पुढें पेट्रोल डब्यांतून मिळूं लागलें; नरसाळें लावून तें टाकींत ओतीत. 1908 सालच्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीची टाकी बैठकीखालीं असे. भरतांना बसणारांस उठावें लागे. तिच्या झांकणास बारीक भोंक होतें. टाकीचा श्वासोच्छ्वास त्यांतूनच चाले.

परंतु त्या वाटेनें पेट्रोलची वाफही उडे व शहरांची हवा बिघडे. म्हणून 1970 सालच्या गाड्यांपासून कॅलिफोर्नियांत, आणि 1971 पासून साऱ्या अमेरिकेंत, ही वाफ अडविण्याची सक्ती झाली. उघडें भोंक गेलें. कोळशाची डबी आली. कोळसा वाफ शोषून ठेवतो आणि इंजिन चालतांना ती ओढून जाळतें. आपल्याकडील आजच्या पेट्रोल गाड्यांतही हीच योजना आहे.

पंपाच्या नळीच्या टोकाशीं लहानसें छिद्र असतें. त्यावर पेट्रोल चढलें, कीं चाप सुटतो. आतां हवेची वाट तुंबली, तर टाकीच्या गळ्यांत पेट्रोल फेंसाळून वर येतें, आणि नळीस टाकी भरल्याचा भास होतो. वाट तुंबावयास चिखल, धूळ किंवा किड्याचें घरही पुरतें. 2011 सालीं मझदा कंपनीनें अमेरिकेंत हजारों गाड्या परत बोलाविल्या, त्या टाकीच्या हवेच्या नळींत कोळी जाळीं विणीत म्हणून!

कोळशाची डबी मात्र आपणच बिघडवितों. चाप एकदां सुटल्यावरही आणखी थोडें कोंबण्याचा आग्रह धरला, कीं पेट्रोल डबींत शिरतें आणि कोळसा भिजतो.

तेव्हां घोटाळा एकाच पंपावर होत असेल, तर दोष नळीचा. दुसऱ्या पंपावरही तीच रड असेल, तर दोष गाडीचा. हवेची नळी व डबी कारागिराकडून तपासून घ्यावी. तोंवर धार मंद ठेवावी, आणि त्या मुलास बोल लावूं नये.